गाठ मेली का, हे किती लवकर कळू शकतं?

आमच्या पेट-सीटी विभागाबाहेरच्या (कर्करोगाच्या पेशंटांचे स्कॅन काढतात तो विभाग) बाकावर बसलेले नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, शब्द तेवढे वेगळे. "गाठ विरघळली का?" "आटली का थोडी?" "किमो लागू पडतेय ना, ताई?" परवा मिरजेकडून आलेल्या एका काकांनी सरळच विचारलं, "मेली का न्हाई ती, एवढंच सांगा की."

मी टेक्नॉलॉजिस्ट. इंजेक्शन देणं, पेशंटला टेबलावर नीट झोपवणं, इमेज स्वच्छ आल्यात ना हे बघणं माझं काम. रिपोर्ट डॉक्टर देतात, आणि मला काही दिसलं तरी मी तोंड उघडत नाही. काकांनाही "रिपोर्ट उद्या मिळेल" एवढंच सांगितलं. पण इतक्या वर्षांत ऐकलेल्या प्रश्नांत सगळ्यात नेमका त्यांचाच होता. गाठ मेली का, हे आमचं मशीन सांगतच नाही. ते दुसरंच काहीतरी मोजतं आणि त्यावरून आपण मरण ताडतो. मरण थेट बघायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. भरपूर झाले, हुशार माणसांनी केले, आणि तरी माझ्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी इंजेक्शनं तयार करतो त्या खोलीत, त्यातलं एकही इंजेक्शन येत नाही. का, ते आज लिहायचं आहे.

सुरुवात पट्टीपासून करते. औषधाला गुण आला की नाही हे गाठीच्या मापावरून ठरवायची पद्धत जुनी, आणि तिच्या मुळाशी एक गमतीदार प्रयोग आहे. १९७६ साली मोर्टेल आणि हॅन्ली या अमेरिकन डॉक्टरांनी फोमच्या थराखाली १२ गोळे ठेवले आणि १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते वरून चाचपून मोजायला लावले. २५ टक्के फरकाला 'गुण आला' म्हणायचं ठरवलं, तर नुसत्या हाताच्या चुकीनेच कितीतरी खोटे गुण दिसायला लागले. ५० टक्के धरल्यावर चूक आवाक्यात आली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत तेच ५० टक्के आले, तेही लांबी आणि रुंदीच्या गुणाकारात. २००० साली रेसिस्ट नावाचे निकष आले, त्यात एकच व्यास धरतात आणि तो ३० टक्क्यांनी कमी व्हावा लागतो. ०.७ चा वर्ग करून बघा, ०.४९ येतो. म्हणजे घुमवून फिरवून पुन्हा तेच निम्मं. आज ज्या आकड्यावर किमो चालू ठेवायची की बदलायची हे ठरतं, तो पेशींच्या अभ्यासातून आलेला नाही. माणसाचा हात किती चुकतो यातून आला आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसावं की काय करावं कळेना.

आकाराची दुसरी अडचण अशी की गाठ मेली तरी ती लगेच लहान होत नाही. हॉजकिन लिम्फोमात, म्हणजे लसीकाग्रंथींच्या एका कर्करोगात, छातीतली मोठी गाठ पूर्ण बरी झाल्यावरही तिथे व्रणासारखा निबर गोळा मागे राहतो. सीटीवर तो तसाच दिसतो, आणि घरच्यांचा जीव टांगणीला.

म्हणून पेट. इथे आपण आकाराऐवजी भूक मोजतो. बहुतेक कर्कपेशी ग्लुकोज हावरटासारखं ओढतात, म्हणून ग्लुकोजच्याच एका भावंडाला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चिकटवून शिरेतून देतात. ते जिथे जास्त ओढलं जातं ती जागा स्कॅनवर उजळते. त्याला आम्ही एफडीजी म्हणतो. भारतातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे असे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र, आणि पहिला पेट स्कॅनर २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. आता जिल्ह्याच्या ठिकाणीही पेट-सीटी होतो. फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाल ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात निम्मा डोस संपतो. सायक्लोट्रॉनहून गाडी निघाली की घड्याळ सुरू. पाऊस पडला, हायवेवर ट्रक उलटला, की शिशाच्या डब्यातला डोस आमच्या डोळ्यांदेखत कमी होत जातो आणि शेवटच्या दोन पेशंटना उद्या या म्हणायची पाळी येते. उपाशीपोटी आलेल्या माणसाला हे सांगणं या कामातला सगळ्यात वाईट भाग.

लिम्फोमात ही भूक मोजणं जबरदस्त उपयोगी पडलंय. किमोच्या दोन सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) स्कॅन काढायचा, उरलेल्या गाठीचा उजेड छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांशी आणि यकृताशी ताडून बघायचा, आणि १ ते ५ गुण द्यायचे. याला डोव्हिल स्कोअर म्हणतात; फ्रान्समधल्या त्या गावात २००९ साली तज्ज्ञ जमले होते. २०१६ साली छापून आलेल्या राथल नावाच्या मोठ्या चाचणीत वाढलेल्या हॉजकिनच्या ज्या पेशंटांचा दोन सायकलनंतरचा पेट स्वच्छ आला, त्यांच्यातल्या निम्म्यांचं ब्लिओमायसिन हे किमोतलं एक औषध पुढे बंद केलं. आजार जवळजवळ तेवढाच ताब्यात राहिला आणि फुप्फुसांचा त्रास वाचला. एका स्कॅनवर एक विषारी औषध कमी होतं, हे मला फार मोठं वाटतं.

पण भूक मेली म्हणजे पेशी मेली असं नाही. याचं ठळक उदाहरण म्हणजे पोटातला जिस्ट नावाचा ट्यूमर. त्यावर इमॅटिनिब गोळी सुरू केली की काही पेशंटांत चोवीस तासांत एफडीजीचा उजेड विझतो. सीटीवर गाठ मात्र तेवढीच, कधी तर आत पाणी किंवा रक्त साचून मोठी. रेसिस्टची पट्टी लावली तर औषध बंद करून टाकाल! म्हणून २००७ साली चोई निकष आले: आकार १० टक्क्यांनी किंवा सीटीवरची घनता १५ टक्क्यांनी उतरली तरी गुण आला समजायचं. आता गंमत बघा. चोवीस तासांत एवढी मोठी गाठ मरत नाही. गोळीमुळे पेशी ग्लुकोज आत घेणारी दारं पृष्ठभागावरून मागे घेतात, म्हणून उजेड जातो. बऱ्याच पेशी मरतच नाहीत, नुसत्या निपचित पडतात. वाढलेल्या आजारात गोळी थांबवली की बहुतेकांचा ट्यूमर पुन्हा डोकं वर काढतो तो यामुळे. काकांचा प्रश्न इथे लागू. भूक गेली, ठीक. मेली का?

आता मरणाकडे. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी दाखवून दिलं की शरीरातल्या पेशी दोन तऱ्हांनी मरतात. एक म्हणजे मार बसून फुटणं, नेक्रोसिस. दुसरी शिस्तीची: पेशी आक्रसते, तिचे पाकीटबंद तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात, आणि मागे काही पसारा राहत नाही. ही ॲपॉप्टोसिस. किमो आणि रेडिएशनने मरणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच या वाटेने जातात.

शिस्तीने मरणारी पेशी एक खूण बाहेर टाकते. पेशीच्या आवरणाला दोन पदर असतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेदाचा रेणू जिवंत पेशी सतत आतल्या पदरात ठेवते, त्यासाठी ऊर्जा खर्च करते. मरणाची साखळी सुरू झाली की कॅस्पेज नावाची विकरं हा बंदोबस्त मोडतात आणि तो रेणू बाहेरच्या पदरावर येतो. मॅक्रोफेज, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशी, त्यावरून ओळखतात की हिला आता उचलायचं. आणि आपल्या सुदैवाने ॲनेक्झिन-५ नावाचं एक प्रथिन, जे आधी वारेतून मिळालेलं, रक्त गोठू न देणारं प्रथिन म्हणून माहीत झालं होतं, याच रेणूला घट्ट चिकटतं. अट एकच, कॅल्शियम हवं.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलं. न्यूक्लिअर मेडिसिनकडे वळण्याआधी मी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी केली, प्रोजेक्ट रक्ताच्या कर्कपेशींवर. जर्काट नावाच्या त्या पेशींना एटोपोसाइड हे किमोचं औषध द्यायचं, ठरावीक तासांनी थोड्या काढायच्या, धुवायच्या, हिरवा रंग लावलेलं ॲनेक्झिन आणि लाल प्रॉपिडियम आयोडाइड घालून अंधारात पंधरा मिनिटं ठेवायच्या, मग फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेका पेशीचा रंग मोजणारं यंत्र. स्क्रीनवर चार चौकोन. सुरुवातीला सगळे ठिपके डावीकडे खाली: जिवंत. काही तासांनी एक घोळका उजवीकडे सरकायला लागतो: खूण बाहेर आली, पण आवरण अजून शाबूत, लाल रंग आत शिरत नाही. आणखी उशिराच्या नळीत तोच घोळका वर चढलेला: आवरण फाटलं, दोन्ही रंग आत. बफरमधलं (पेशी ज्या द्रावणात ठेवायच्या त्यातलं) कॅल्शियम कमी पडलं की सगळे ठिपके गपचूप डावीकडे परत, जणू कुणी मेलंच नाही. आमच्या लॅबमधला सीनियर त्या बफरची बाटली कुणाला हात लावू देत नसे. त्या चार चौकोनांसमोर बसून मला वाटायचं, हेच पेशंटच्या पोटात दिसलं तर?

तो विचार मला सुचायच्या कितीतरी आधी करून झाला होता. १९९८ साली स्टॅनफर्डच्या ब्लँकनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ॲनेक्झिनला किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम जोडून उंदरांच्या मरणाऱ्या यकृतपेशी आणि औषधाने मरणारा लिम्फोमा गॅमा कॅमेऱ्यावर दाखवला. टेक्नेशियम म्हणजे आमच्या विभागाची रोजची भाजी-भाकरी. सायक्लोट्रॉन नको, गाडीची वाट बघणं नको. सकाळी विभागातला जनरेटर इल्यूट केला (त्यातून टेक्नेशियम धुऊन काढलं) की सहा तास अर्धायुष्यकालाचा साठा हातात. म्हणजे हे इंजेक्शन जमलं असतं तर साध्या गॅमा कॅमेऱ्याच्या गावातही चाललं असतं.

२००२ साली बेल्जियममधल्या लीजच्या बेलोसीन आणि मंडळींनी १५ पेशंटांवर ते करून पाहिलं. फुप्फुसाचा, स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा. पहिल्या किमोच्या आधी एक स्कॅन आणि नंतर एक-दोन दिवसांत दुसरा. ७ जणांत किमोनंतर गाठीत ॲनेक्झिन वाढलेलं दिसलं, आणि त्या सातही जणांना पुढे पूर्ण किंवा अर्धामुर्धा गुण आला. उरलेल्या ८ जणांत वाढ दिसली नाही. त्यातल्या ६ जणांचा आजार वाढला. दोन दिवसांत उत्तर! तीन सायकल वाट बघायची गरज नाही, हात फुटेस्तोवर शिरा शोधायच्या नाहीत, उलट्या, केस, पैसे, काही नाही. वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले होते.

राहिले दोघं. त्या आठांतल्या दोन बायकांना, दोघींना स्तनाचा कर्करोग, ॲनेक्झिन वाढलं नाही तरी पुढे गुण आला. तेव्हा ती ओळ मी वाचून पुढे गेले. आज मला त्या पेपरमध्ये तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कारण मरण ही घटना आहे. एकेका पेशीचं मरण काही तासांत उरकतं आणि सफाई पथक तिला उचलून नेतं. कुठल्या औषधाने मरणाची लाट कधी येईल हे औषधागणिक, गाठीगणिक, माणसागणिक वेगळं. गावचा बाजार गुरुवारी भरतो आणि तुम्ही शुक्रवारी गेलात, तर मोकळं मैदान बघून या गावाला बाजारच नाही असं म्हणाल. ॲनेक्झिन दिसलं नाही याचे म्हणून दोन अर्थ: औषध लागू पडलं नाही, किंवा आपण चुकीच्या दिवशी आलो. आणि डॉक्टरला लवकर हवं असतं ते नेमकं 'नाही' हे उत्तर. लागू पडतंय म्हटलं तर काय, तीच किमो चालू राहणार. लागू पडत नाही हे दोन दिवसांत कळलं तर पुढचे सगळे हाल वाचतात, दुसरं औषध लवकर सुरू होतं. म्हणजे जिथे या चाचणीची खरी गरज, तिथेच ती पांगळी.

रोज एक याप्रमाणे पाच दिवस स्कॅन काढा म्हणाल. उंदराचे काढता येतात. मिरजेहून आलेल्या, काल किमो घेतलेल्या, धर्मशाळेत उतरलेल्या माणसाचे कोण काढणार?

बाकीच्या अडचणीही होत्याच. ॲनेक्झिन मूत्रपिंडांत आणि यकृतात इतकं साठतं की पोटातली गाठ त्या झगमगाटात हरवते. फुटून मेलेल्या पेशीच्या आतही ते शिरतं, तेव्हा मरणाची तऱ्हा कळत नाही. चेतलेल्या प्लेटलेट्सही तोच मेदरेणू बाहेर काढतात, म्हणजे रक्ताची गुठळीही उजळते. आणि झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत औषधाशिवायही पेशी मरत असतातच, तेव्हा आधीचा स्कॅन हवाच हवा.

नंतर इतरांनी वेगळ्या वाटा धरल्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने कॅस्पेजलाच पकडणारा आयसीएमटी-११ नावाचा पेट ट्रेसर (स्कॅनवर उजळणारं इंजेक्शन) माणसांपर्यंत नेला. किमोनंतर अपेक्षित उजेड काही दिसला नाही. केंब्रिजमध्ये केव्हिन ब्रिंडल यांच्या गटाने सी२ए हे दुसरं प्रथिन घेतलं, जे त्याच मेदरेणूला चिकटतं. त्यांचंच फ्यूमरेटचं काम मला जास्त आवडतं. जिवंत पेशीत फ्यूमरेट सहजी शिरत नाही, आवरण फाटलेल्या पेशीत शिरतं आणि तिथलं विकर त्याचं मॅलेट करून टाकतं. कार्बन-१३ लावलेल्या फ्यूमरेटचा एमआरआयवरचा सिग्नल आधीच हजारो पटींनी वाढवून ठेवला की हा बदल चालू असताना टिपता येतो. सिग्नल टिकतो जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. ११० मिनिटांची तक्रार करणाऱ्या आम्हा लोकांनी यापुढे गप्प बसावं.

या सगळ्यापेक्षा साधी एक गोष्ट आजही प्रत्येक चांगल्या एमआरआय सेंटरात आहे, आणि तिची कुणी फार वाहवा करत नाही. डिफ्यूजन. दाटीवाटीच्या गाठीत पाण्याच्या रेणूंना हलायला जागा नसते. पेशी मरून आवरणं फाटली की पाणी मोकळं होतं आणि एडीसी नावाचा आकडा चढतो, बऱ्याचदा गाठ लहान होण्याच्या आधीच. इंजेक्शन नाही, किरणोत्सर्ग नाही. इथेही गफलती आहेत. किमोनंतर सुरुवातीला पेशी सुजल्या तर आकडा आधी उतरतोही. पण मला कुणी विचारलं तर नव्या महागड्या ट्रेसरपेक्षा माझा पैसा मी यावर लावेन.

एफडीजी का टिकलं, हेही यातूनच उमगतं. ते मरण दाखवत नाही, पण स्थिती दाखवतं. भूक एकदा गेली की ती उद्याही नसते, परवाही नसते. मंगळवारी स्कॅन काढा नाहीतर शुक्रवारी. मिनिटांचं शिस्तशीर शास्त्र हरतं आणि ढोबळ पण टिकाऊ गोष्ट जिंकते, कारण हॉस्पिटलात अपॉइंटमेंट मिळते त्या दिवशी माणूस येतो.

इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणारे उपचार, आल्यावर मात्र ही ढोबळ गोष्टही अडखळायला लागली. तिथे गाठीत स्वतःच्याच लढाऊ टी पेशी घुसतात, गाठ फुगते, आणि त्या पेशींनाही ग्लुकोज लागतं. स्कॅनवर आजार वाढल्यासारखा दिसतो. रेसिस्टच्या २०१७ च्या सुधारित निकषांत म्हणूनच लिहिलंय, की वाढ दिसली तर लगेच हाय खाऊ नका, पेशंटची तब्येत स्थिर असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा बघा. घरच्यांना ते ४ आठवडे कसे जातात ते बाकावर बसून बघावं. त्याच वर्षी अमेरिकेत काही जणांनी, कर्कपेशींना मारण्यासाठी टी पेशी जे विकर सोडतात त्या ग्रॅन्झाइम-बीलाच पकडणारा ट्रेसर उंदरांत वापरून दाखवला. हल्ला चालू आहे का, हे थेट विचारणारा. हा हल्ला किमोच्या लाटेसारखा एका दिवसात ओसरणारा नाही, चालला तर बरेच दिवस चालतो, म्हणून इथे वेळ साधण्याची शक्यता मला जास्त वाटते.

तोवर आमच्याकडचं उत्तर दोन स्कॅनच्या तुलनेवर उभं आहे, म्हणून तुमच्या घरी कुणाचा स्कॅन असेल तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. जमेल तर त्याच सेंटरला, त्याच मशीनवर जा. जुन्या स्कॅनची सीडी आणा, नुसता रिपोर्टचा कागद नको. किमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख सांगा. त्याने सगळा अस्थिमज्जा उजळतो आणि डॉक्टर विनाकारण पेचात पडतात. मधुमेहाची औषधं कोणती चालू आहेत ते लिहून आणा. रेडिएशन संपून थोडेच आठवडे झाले असतील तर तेही सांगा, कारण भाजलेल्या जागेतल्या मॅक्रोफेजनाही भूक असते.

आणि इंजेक्शननंतर ६० मिनिटं थांबा म्हटलं की थांबा. गाठ एफडीजी ओढतच असते. मागच्या वेळी ६० मिनिटांनी काढलेला आणि या वेळी ९० मिनिटांनी काढलेला स्कॅन शेजारी ठेवला तर काही न होताही आकडा चढलेला दिसू शकतो. ४० मिनिटांनी काढला तर उलट, किमो लागू पडल्याचा खोटा आनंद. "ताई, साडेचारची गाडी आहे, जरा आधी घ्या की" हे मला रोज ऐकू येतं. पुढच्या गाडीचं रिझर्व्हेशन करा.